निळ्या फुग्याचं विरजण

आमच्या इमारतीत गेले दोन दिवस एका वासावरून गहजब चालला आहे. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की आंबूस, दमट, थोडा दह्यासारखा आणि थोडा ओल्या पोत्यासारखा वास येतो. सोसायटीच्या अध्यक्षांना गटार तुंबल्याची खात्रीच आहे. त्यांनी प्लंबर बोलावून दोन झाकणं उघडून पाहिली, तिथे काही सापडलं नाही म्हणून तिसरं उघडायला लावलं. मला पहिल्याच श्वासाला सगळं कळलं होतं, पण मी गप्प बसले. तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आहे, त्यांच्याकडे कुणाची तरी सासू गावाहून आली आहे आणि तिने कुरडयांचे गहू भिजत घातले आहेत. अध्यक्षांना सांगितलं तर ते त्या बाईला नियम दाखवतील आणि माझ्या वाट्याचा गरम चीक बुडेल. तेव्हा प्लंबर झाकणं उघडतो आहे तो उघडू दे.

खरं तर हा वास मी चोरून भरपूर घेते. काल भाजीच्या निमित्ताने खाली-वर जास्तीच्या खेपा केल्या. माणसं मोगऱ्याच्या वासाने हळवी होतात, मी आंबलेल्या गव्हाने होते. त्यात नवल काही नाही, कारण नोकरीची सगळी वर्षं मी याहून वाईट वास घेत काढली. समुद्राच्या तळाशी जो काळा चिखल साचतो, त्यात काय जगतं आणि जगताना कोणते वायू सोडतं, हे बघणं हे माझं काम. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी "नोकरी करत होते" एवढंच सांगून मोकळी होते, कारण पुढचं सांगायला बसलं तर समोरच्याची जिलबी गार होते. चिखल बघायची नोकरी असते हे लोकांना कसं सांगायचं, ही अडचण आमच्या घरात फार जुनी आहे. एका उन्हाळ्यात तर माझं सगळं पुढचं आयुष्य त्या अडचणीपाशी अडून बसलं होतं.

तो चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दुष्काळाने आमच्या नगर जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. कोल्हारला आमची शेती प्रवरेच्या काठाला, पण नदीतच पाणी नाही तर काठाला असून काय करायचं? रेशनवर मिळणारी लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाऊन आम्ही वर्ष काढलं. तिच्या भाकरीला ना वास, ना चव, आणि गिळताना घशाला ती सारखी आठवण करून द्यायची. मग पाऊस झाला, कालव्याला पाणी सुटलं आणि रब्बीला घरटी गहू झाला. पाडव्यापर्यंत गहू घरात आले आणि गावातल्या बायकांना कुरडयांनी अक्षरशः झपाटलं. एक वर्ष सोरे कोरडे पडले होते, त्याची सगळी कसर त्यांना एका उन्हाळ्यात भरून काढायची होती. आळीत सावड ठरली, म्हणजे आज सगळ्या जणी तुझ्या घरी, उद्या सगळ्या माझ्या घरी. ज्या घराची पाळी येणार असेल तिथून आंबलेल्या गव्हाचा वास सुटायचा आणि आळी तो वास हुंगत खूश व्हायची.

मी तेव्हा नगरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. पुरी करून घरी आले होते. आमच्या आळीतली तेवढं शिकलेली पहिलीच मुलगी, त्यामुळे माझ्याकडून कुणी काम करून घेत नसे आणि ते मला मुळीच आवडत नसे. रसायनशास्त्राच्या आमच्या सरांनी मला एक जागा सुचवली होती. समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत त्यांचे जुने विद्यार्थी काम करत होते, त्यांना तळाच्या चिखलावर काम करणारी एक मदतनीस हवी होती. जूनमध्ये रुजू व्हायचं. सरांची अट एकच, की जायच्या आधी आपल्या नदीच्या चिखलावर एक साधा प्रयोग स्वतः करून बघायचा. मला ती जागा इतकी हवी होती की मी रात्री अंथरुणावर पडून समुद्र कसा दिसत असेल ते ठरवत बसायचे. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

अडले होते ते माझे वडील, अण्णा. ते रागीट नव्हते, हट्टीही नव्हते. मला नगरला शिकायला ठेवताना त्यांनी भावकीची तोंडं बंद केली होती. पण ही नोकरी त्यांच्या गळी उतरेना. सगळं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले,

"चिखलच बघायचा, तर आपल्या रानात काय कमी हाय?"

आई पदराआड हसली. मलाही हसू आलं, पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकून मावळलं.

"मास्तरीन झाली आसती, नर्स झाली आसती, तर लोकास्नी सांगता आलं आसतं. उद्या कोन बी इच्यारंल, पोरगी कुटं हाय? मी काय सांगू? मला सोत्ताला समजंल आसं कायतरी दाव, मंग बघू. आखितीला सांगतो."

अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखितीला, पहिला आमरस खायचा आणि वर्षाच्या मोठ्या गोष्टींचा निकाल त्याच दिवशी लावायचा, अशी अण्णांची पद्धत होती. म्हणजे मला आखितीपर्यंत मुदत होती आणि तेवढ्यात चिखलाबद्दल असं काहीतरी दाखवायचं होतं, जे अण्णांना चारचौघांत सांगता येईल.

पाडव्यानंतर आई गोधड्या धुवायला नदीवर निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर बाटल्या घेऊन गेले. प्रवरा उन्हाळ्यात आटली तरी पुलाच्या खालच्या अंगाला एक डोह राहायचा. कडेला बाभळीचा पाला पडून कुजायचा आणि तळाशी काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ साचायचा. त्यात काठी खुपसली की बुडबुडे वर यायचे, आधी एक-दोन चुकार आणि मग एकदम घोळक्याने. लहानपणी आम्हाला सांगितलेलं होतं की डोहात आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी, आणि हे त्यांचे श्वास आहेत. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून, बाटल्या पाण्याखालीच धरून, हवा शिरू न देता त्यांत गाळ भरला. आई दगडावर गोधडी आपटता आपटता थांबली आणि तिने आसरांची माफी मागितली. माझ्या वतीने, मला न विचारता.

आसरांच्या श्वासाला आमच्या पुस्तकात मिथेन म्हणत. एक कार्बन आणि त्याला धरून चार हायड्रोजन, इतका हलका आणि साधा वायू. तो तयार करणारे जीवाणू डोळ्याला दिसत नाहीत, आणि त्यांची तऱ्हा मला तेव्हापासून फार आवडत आली आहे. गावजेवणात पहिल्या पंगतीला पाहुणे आणि मानकरी बसतात, तसे चिखलाच्या वरच्या थरात हवेवर जगणारे जीवाणू बसतात आणि चांगलंचुंगलं खाऊन घेतात. हवा संपली की दुसरी पंगत. समुद्रात ही दुसरी पंगत मोठी असते, कारण खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे खूप असतात, आणि सडक्या अंड्याचा तो प्रसिद्ध वास त्यांचा. सगळ्यांचं आटोपलं, भांडी खरवडायची तेवढी राहिली, की खाली अंधारात शेवटची पंगत बसते ती मिथेनवाल्यांची. उरलंसुरलं खाऊन ते जगतात आणि जाताना विस्तव पेटेल असा वायू मागे ठेवतात. आमच्या आळीतल्या बायकाही सगळे जेवल्यावर शेवटीच बसायच्या, आणि सर्वांत जास्त हसणं त्याच पंगतीतून ऐकू यायचं.

प्रयोग असा होता. तीन बाटल्यांत चिखल. दोन बाटल्यांतला जसाच्या तसा आणि तिसरीतला उकळून घेतलेला, म्हणजे त्यात जे काही जिवंत असेल ते मरून जाईल. तिन्हींच्या तोंडाला जत्रेतला एकेक फुगा घट्ट बांधायचा. कच्च्या चिखलाचे फुगे वायूने उभे राहिले आणि उकळलेल्याचा पडून राहिला, की हा वायू जिवंत गोष्टी तयार करतात हे ठरलं. कच्च्या बाटल्यांना मी लाल आणि पिवळा फुगा बांधला, उकळलेल्या बाटलीला निळा. चिखल शिजवायला मी पातेलं मागितलं तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट वनस्पती तुपाचा रिकामा डबा उचलला. बाटल्या पडवीच्या उबदार कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिन्ही बाटल्यांना हळद-कुंकू लावलेलं. गाळ आसरांचा होता ना, आईने काम अर्धवट सोडलं नव्हतं.

मग रोज सकाळी अण्णा रानात जाताना पडवीपाशी थांबायचे आणि गोणपाटाकडे बघून "काय म्हनतोय चिखूल?" असं विचारायचे. चिखल काही दिवस काहीच म्हणाला नाही. मग लाल फुग्याने जरा मान उचलली, पाठोपाठ पिवळ्याने. माझ्या अंगात वारं शिरलं. मी येताजाता गोणपाट उघडून बघायचे, आईही बघायची, आणि शेजारच्या ताराकाकू कुरडयांच्या सावडीला आल्या की आधी फुगे बघून मगच चुलीपाशी बसायच्या. निळा मात्र बाटलीच्या गळ्यावरून लोंबत पडलेला. तो तसाच पडून राहावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडायचे.

त्या दिवसांतला आनंद मला नीट सांगता येणार नाही. तो सगळा पहाटेचा होता. भिजून फुगलेले, वर बारीक फेस आलेले गहू वाटून, पिळून काढलेला चीक रात्रभर निवळलेला असायचा. पहाटे त्यावरचं पिवळं पाणी ओतून देत आणि मोठ्या पातेल्यातल्या आधणात सोडून दोघी-दोघी लाकडी दांड्याने तो हाटत. हाटताना हात भरून आले की गप्पा वाढत. पांढरा चीक शिजत शिजत काचेसारखा झाला की पहिला वाडगा आमचा, वर तेल आणि मीठ, किंवा दूध आणि गूळ. जीभ भाजायची आणि तरी थांबवत नसे. मग सोऱ्यात कढत चीक भरायचा आणि बाजेवर अंथरलेल्या धुतल्या धोतरावर कुरडया घालायच्या. ऊन वर येईपर्यंत अंगण पांढऱ्या नक्षीने भरून जायचं. एक वर्ष मिलो खाल्लेल्या बायका त्या अंगणाकडे कमरेवर हात ठेवून नुसत्या बघत उभ्या राहायच्या. मीही त्यांच्यात उभी असे आणि मला फार, फार बरं वाटायचं.

आमच्या घरच्या कुरडयांचा दिवस आखितीच्या थोडा आधी आला. सगळं आटोपून मी हात धुतले, पडवीत गेले आणि गोणपाट बाजूला केलं. निळा फुगा उभा होता. लालइतका टरटरून नव्हे, पण मान वर करून, ऐटीत उभा होता. म्हणजे उकळलेला चिखलही वायू सोडत होता, म्हणजे माझं उकळणं चुकलं होतं किंवा पुस्तक चुकलं होतं. पुस्तक चुकण्याचा संभव कमी. नवा प्रयोग लावायचा तर आखिती तोंडावर आलेली.

"आई, निळ्याला कोनी हात लावला का गं?" मी विचारलं.

"मीच लावला," आई म्हणाली, कुरडई उलटता उलटता, अगदी सहज. "ती दोगं कशी फुगली, आन ह्यो बिचारा मान टाकून बसला हुता. मला बघवंना. म्हनलं, ह्याला विरजान कमी पडलं आसंल. लालमधला चमचाभर काढून ह्यात घातला आन फुगा पुन्यांदा बांदला. आता बघ कसा धरलाय."

आईला दूध नासलेलं चालायचं, पण दही न लागलेलं तिला बघवत नसे. दुधाला घरोघरीचं विरजण लावून बघणारी ती बाई, तिने माझ्या मेलेल्या चिखलालाही त्याच मायेने विरजण लावलं होतं. मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. ताराकाकू सोऱ्या तसाच हातात धरून धावत आल्या. आई गोंधळून गेली, एका चमच्याने एवढं काय झालं हे तिला कळेना. तेवढ्यात अण्णा दुपारच्या भाकरीला घरी आले आणि पडवीतली ही सभा बघून दारातच थांबले.

मी त्यांना हुंदके देत सगळं सांगितलं. हा चिखल मी मुद्दाम मारला होता, मेलेला चिखल वायू करत नाही हे दाखवायचं होतं, आणि आता आईने सगळं बिघडवलं. अण्णा बाटल्यांपुढे उकिडवे बसले. त्यांनी लाल बघितला, निळा बघितला, निळ्याला बोटाने हळूच ढोसून बघितलं. मग आईला विचारलं की चमच्याच्या आधी हा किती दिवस पडून होता. पहिल्यापासून, आई म्हणाली. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी मेलेला चिखूल हुता, आन एका चमच्यानं जिता झाला?"

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. जे मला तीन बाटल्यांत दाखवायचं होतं, ते तर झालंच होतं, आणि त्याच्यापुढचंही झालं होतं. उकळल्यावर वायू बंद होतो एवढंच नव्हे, तर जिवंत चिखलाचा थोडासा अंश घातला की तो पुन्हा सुरू होतो. चिखलात जे आहे ते वाढतं, पसरतं, एका भांड्यातून दुसऱ्यात नेता येतं. अण्णांना ते पुस्तकाशिवाय कळलं होतं, कारण रोज रात्री दही लागताना ते आयुष्यभर बघत आले होते. "व्हय अण्णा, आगदी तसंच," मी म्हणाले आणि मला एकदम इतकं हसू लोटलं की ताराकाकूंना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी वायू पेटवून दाखवला. ड्रॉपरची काचेची नळी लाल फुग्याच्या तोंडात बसवून दोऱ्याने बांधली, आईने देवापुढचं निरांजन आणलं आणि मी चिमटीत धरलेली मान सैल केली. नळीच्या टोकाला निळसर ज्योत उभी राहिली, करंगळीएवढी, न हलणारी. ताराकाकूंनी गालांवर बोटं लावून घेतली, कारण नदीकाठच्या अंधारात दिसणाऱ्या भुताच्या दिव्यांच्या गोष्टी त्यांनीच आम्हाला सांगितल्या होत्या. आईने मात्र एवढंच विचारलं, "माझा बी पेटंल का?" मी निळा फुगा सोडवला. त्याची ज्योत लहान होती आणि लवकर विझली, पण ती विझेपर्यंत आईच्या तोंडावर जो आनंद होता तसा मी नंतर फार थोड्या वेळा पाहिला. तिने पेटवलेला तो पहिलाच दिवा असा होता, ज्याला घरातलं तेल लागलं नव्हतं.

पुढे समुद्रावर काम करताना ही गोष्ट मी कितीदा मनात घोळवली असेल. बोटीवरून लांब नळी तळात उतरवून चिखलाचा उभा तुकडा वर काढत. तो कापायला घेतला की खालच्या थरांत वायूमुळे जाळी पडलेली दिसे, चांगल्या फुललेल्या अनारशासारखी, आणि वास थेट कोल्हारच्या डोहाचा. तो वायू यंत्रात सोडला की कागदावर मिथेनचा एक मोठा डोंगर उमटायचा आणि त्याच्यामागे दोन बारकी टेकाडं, इथेन आणि प्रोपेन, म्हणजे दोन कार्बनवाला आणि तीन कार्बनवाला. मिथेन जीवाणूंचा, हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण त्या दोन टेकाडांवरून. कुणी म्हणे, हे खोल खालच्या तेलाकडून झिरपत आलेले, कारण इतकी कारागिरी या क्षुल्लक जीवांना कुठून जमणार? मला मात्र त्या क्षुल्लक जीवांबद्दल त्या उन्हाळ्यातच आदर बसला होता. आम्ही पुन्हा बाटल्या लावल्या, काही जिवंत चिखलाच्या, काही उकळलेल्या. उकळलेल्या बाटलीला मी निळा दोरा बांधायचे, आणि माझ्या हाताखालची मुलं कारण न विचारता तिला "निळी" म्हणू लागली. जिवंत बाटल्यांत मिथेनच्या डोंगरामागे ती दोन टेकाडं अगदी पुसट, पण दिसायची. निळीत नाही. मग आम्ही जिवंत चिखलाचा अंश निळीत घालायचो आणि वाट बघायचो. ती पायरी कामात कुणी सुचवली, असं एका पाहुण्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझ्या आईने. त्यांना वाटलं आई प्राध्यापक असेल, आणि मी ते तसंच राहू दिलं.

पण त्या उन्हाळ्याचा निकाल अजून लागला नव्हता. अण्णांना समजलं होतं, तरी त्यांना खात्री करून घ्यायची होती, आणि खात्री त्यांच्या पद्धतीने. त्यांनी मला आणखी एक बाटली उकळायला लावली, स्वतः समोर बसून. तिला तोच निळा फुगा बांधून ती त्यांनी जमिनीच्या कागदांच्या लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली. "ह्या बाईला दया लई येती," असं म्हणून त्यांनी आईकडे बोट केलं. आखिती आली, आमरस झाला, पूर्वजांच्या नावाने पाण्याचे घट भरले, आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आखितीचा निकाल पुढे ढकलला. मला घास गोड लागला नाही. जून जवळ येत होता आणि माझं सगळं भवितव्य एका पेटीत, सातबाऱ्यांच्या शेजारी, कुलपात पडलं होतं.

पुढचा आठवडा-पंधरवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कुरडया वाळून डब्यात गेल्या, पापड झाले, मिरच्या कुटून झाल्या. मग एका सकाळी अण्णांनी आम्हा दोघींना बोलावून पेटी उघडली. फुगा पडलेला होता, सुरकुतलेला, बाटलीच्या गळ्याशी निजलेला. अण्णांनी आईकडे हात पुढे केला आणि म्हणाले, चमचा दे. आईने लाल बाटलीतला चमचाभर चिखल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने, एक थेंबही न सांडता, बाटलीत घातला आणि फुगा बांधला. या वेळी बाटली पेटीत गेली नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेली, आणि आईने तिलाही हळद-कुंकू लावलं. रानात जाताना आणि येताना अण्णा तिला बघून जायचे. "काय म्हनतोय चिखूल" हे त्यांनी विचारणं बंद केलं होतं. एका सकाळी मी दूध काढून आले तर ते कोनाड्यापुढे उभे होते आणि फुग्याने मान उचलली होती.

"जा तू," अण्णा म्हणाले. त्यांची नजर फुग्यावरच होती. "पन दर उन्हाळ्यात कुरडयांना यायचं. आईला एकटीला हाटवत न्हाई."

मी आनंदाने रडले, आई रडली, आणि अण्णा बैल सोडायचं निमित्त काढून गोठ्यात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

तो शब्द मी पाळला. जेवढे उन्हाळे आई होती तेवढे उन्हाळे मी रजा टाकून कोल्हारला गेले आणि चीक हाटला. माझ्याबरोबरीचे लोक रजेत थंड हवेच्या ठिकाणी जायचे, मी ऐन मे महिन्यात चुलीपुढे जायचे. हे इथे लिहिता लिहिता दारावरची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी होती, हातात झाकलेला वाडगा. सासूबाईंनी दिलंय, म्हणाली, वास आवडणाऱ्या एक काकू पाचव्यावर आहेत असं कळलं. लिफ्टच्या जास्तीच्या खेपा कुणीतरी पाहिल्या होत्या म्हणायच्या. चीक कढत होता, वर तेल आणि मीठ. जीभ भाजली.

चौऱ्याहत्तरच्या त्या जूनच्या सुरुवातीला अण्णा मला एसटीवर पोचवायला आले. माझ्याकडे एक ट्रंक, कुरडयांचा एक डबा आणि मांडीवर धरायला ती कोनाड्यातली बाटली, फुग्यासकट. बाटली न्यायची गरज नव्हती. समुद्रातल्या चिखलाला आमच्या डोहाचा काही उपयोग नव्हता, आणि मी ते अण्णांना आदल्या दिवशी समजावूनही सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी बाटली माझ्या हातात आणून दिली. गाडी पुण्याची होती, खचाखच भरलेली. मला खिडकीशी जागा मिळाली आणि अण्णा खाली खिडकीपाशी उभे राहिले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता बाटलीकडे बघून थबकला. आत काळं काहीतरी, वर फुगा आणि बाटलीला हळद-कुंकू. काय आहे, पोरगी कुठे चाललीय, असं त्याने मला न विचारता खिडकीतून अण्णांना विचारलं. मी मान खाली घातली. हाच तो प्रश्न होता, ज्याच्यापायी माझा सगळा उन्हाळा अडला होता.

अण्णांनी टोपी सारखी केली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"आमच्या नदीचं विरजान हाय ते. पोरगी समुद्राला घिऊन चाललीय."

गाडीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कंडक्टरने घंटी मारली आणि माझ्या शेजारच्या बाईने बाटलीला धक्का लागू नये म्हणून आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. बाहेर अण्णा तिथेच उभे होते, आणखी कुणी विचारलं तर सांगायला तयार. नगर येईपर्यंत उन्हाने गाडी तापली आणि माझ्या मांडीवरचा निळा फुगा चांगला ताठ उभा राहिला.